करंजी घाटातला तांब्याचा पाइप

रेडिएटर गळायला लागला की पूर्वीचे ड्रायव्हर त्यात हळद टाकत. मूठभर हळद पाण्यात गेली की ती बारीक भोकाशी जाऊन बसते आणि गळती थांबते. हे खरं आहे. पण हळद फक्त भोकाशी बसत नाही, सगळ्याच नळ्यांत बसते, आणि थोड्या दिवसांनी गाडी उकळायला लागते. मग तो रेडिएटर आमच्याकडे यायचा. उघडला की दुकानभर शिळ्या वरणाचा वास. काही जण हळदीऐवजी अंडं फोडून घालत. त्यांच्याबद्दल फराळाच्या दिवसांत लिहीत नाही.

आमचं नगरचं दुकान मुळात तांबटाचं. माझे सासरे लहानपणापासून हंडे, घागरी, बंब, घंगाळं घडवत आलेले. गिऱ्हाइकं त्यांना तात्या म्हणत, मी मामंजी म्हणायची. स्टीलची भांडी आली आणि लग्नात तांब्याचे हंडे देण्याची हौस कमी झाली, तेव्हा मामंजींनी फार चर्चा न करता दारावर रेडिएटर दुरुस्तीची पाटी लावली. तांबं तेच, पितळ तेच, सांधे जोडायचा डाख तोच, फक्त गिऱ्हाईक मोरीतून उठून रस्त्यावर आलं, असं ते म्हणत. माझे यजमान लष्कराच्या वर्कशॉपमध्ये नोकरीला असल्याने दिवसभर दुकानात मामंजी आणि मी.

मी लग्न होऊन आले तेव्हा रेडिएटर भिंतीशी एकाला एक टेकून ठेवलेले असत, आणि कुठला कोणाचा हे फक्त मामंजींना माहीत. मला असं चालत नाही. मी प्रत्येकाला तारेने एक पुठ्ठा बांधायला सुरुवात केली. कोणाचा, कुठे गळतो, कधी न्यायचा आणि ड्रायव्हर काय सांगतो. शेवटचा रकाना सर्वांत करमणुकीचा. 'दगड उडून लागला' असं जवळजवळ सगळेच सांगत. नगर जिल्ह्यात दगड पुष्कळ आहेत, पण इतके उडत नाहीत. पुठ्ठे लिहिता लिहिता मी मापं घ्यायला लागले, मापं घेता घेता डाख द्यायला शिकले, आणि हौदात बुडवून बुडबुडे बघायचं काम तर पूर्ण माझ्याकडेच आलं. बाई रेडिएटर बघते म्हणून पहिल्यांदा लोक थबकत. दुसऱ्यांदा मात्र सरळ मलाच विचारत, कारण मामंजी 'होईल' एवढंच सांगायचे आणि मी वार सांगायची.

गिऱ्हाइकं नमुनेदार. लग्नाच्या बँडचे एक मास्तर पितळी भोंग्याचा पोचा काढायला आले. वरातीच्या घोड्याने लाथ मारली होती. घोड्याच्या कानाशी वाजवत होता काय, असं मामंजींनी विचारलं, तर म्हणाले, घोडाच माझ्या भोंग्याशी आला. पुणतांब्याचे एक बागाईतदार घरचा पाणी तापवायचा बंब घेऊन आले आणि म्हणाले, याचा माझ्या पंपाच्या इंजिनाला रेडिएटर करून द्या. मामंजींनी समजावलं की बंब पाणी तापवतो, आपल्याला गार करायचंय. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग उलटा बसवा.

पण मला सांगायची आहे ती नामदेव बडेच्या ट्रकची गोष्ट. ती मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची.

नामदेव पाथर्डी तालुक्यातला. तिसगावच्या आसपासच्या गावांचं दूध पहाटे गोळा करून नगरच्या दूध केंद्रावर आणायचा. ट्रक जुना, भरलेल्या कॅनांचं ओझं, आणि मध्ये करंजी घाट. पाथर्डीकडून नगरला येताना हा घाट चढावा लागतो, आणि नामदेवचा ट्रक तो अक्षरशः कण्हत चढायचा. केंद्रावरून पुण्याचा टँकर साडेनऊला सुटे. त्याच्या आत पोचलेलं दूध टँकरमध्ये जाई, मागाहून आलेलं परत. परत निघालेलं दूध उन्हात गावापर्यंत टिकत नसे. उशीर झाला की नामदेव आमच्याकडे थांबायचा, कारण आता घाई कशाचीच उरलेली नसे आणि रेडिएटर उकळलेला असेच. चहाचा कप हातात घेऊन म्हणायचा, "वहिनी, माझ्यापरीस घाटातली माकडं आदी नगरला पोचत्यात."

हसण्यावारी नेत होता, पण त्याचा जीव टांगलेला होता. त्याच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर साखर कारखान्यांवर ऊस तोडायला जात. त्याचे आई-बाप जायचे, भाऊ जातो, लग्नानंतर तो स्वतः बायकोला घेऊन कितीतरी हंगाम गेला होता. तिथे नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एक नसेल तर कोयता मोडला. हा जुना ट्रक घेऊन नामदेव त्यातून बाहेर पडला होता, मुलीला गावच्या शाळेत घातलं होतं. दुधाची फेरी हातची गेली तर पुन्हा कोयता, आणि मुलीची शाळा हंगाम संपेपर्यंत बंद. केंद्राचे साहेब त्याला सांगून चुकले होते की फेरीसाठी नवा ट्रक असलेला दुसरा एक जण विचारतो आहे.

आमच्या शेजारी रझाकभाईंचं ट्रकचं गॅरेज होतं. उपाय त्यांनी काढला. राहुरीकडे धरणाचं काम संपत आलं होतं आणि मोडीत निघालेली यंत्रं लिलावात निघत होती. रझाकभाईंनी तिथून एक टर्बो आणला. नगरमध्ये तेव्हा टर्बो पाहायला माणसं जमायची. रझाकभाईही तो फडक्यात गुंडाळून ठेवत आणि माणूस बघून उघडून दाखवत.

टर्बो म्हणजे काय, ते तांबटाच्या घरात समजावणं सोपं होतं. भट्टीत कोळसा कितीही घाला, भाता चालला नाही तर तो नुसता धुमसतो. इंजिनाचंही तसंच. जोर पाहिजे तर डिझेल जास्त जाळायला हवं, आणि डिझेल जाळायला हवा जास्त हवी, नाहीतर काळा धूर. टर्बो हा इंजिनाचा भाता. हा भाता ओढायला मात्र माणूस लागत नाही. इंजिनातून बाहेर पडणारा धूरच एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावर पलीकडे दुसरं चक्र असतं, आणि ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. रझाकभाईंचं सगळं ऐकून मामंजी म्हणाले, "म्हणजे चुलीच्या धुरानेच चुलीला फुंकर." याहून नेमकं मी आजपर्यंत ऐकलेलं नाही.

पहिला टर्बो होता एका प्रचंड डंपरचा. नामदेवच्या इंजिनाच्या धुराने त्याचं चक्र नीट फिरेचना. रेड्याचं जू शेळीच्या मानेवर ठेवल्यासारखं झालं. रझाकभाई पुन्हा गेले आणि एका कॉम्प्रेसरच्या इंजिनाचा लहान टर्बो घेऊन आले. तो जमला. इंजिनाला टर्बो मानवला पाहिजे, हा पहिला धडा. पण आता पुढची अडचण. हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक हाताला चटका देतं, ते याच कारणाने. तापलेली हवा विरळ होते, म्हणजे कोंबूनही भरते कमी, आणि वर इंजिन भडकतं. म्हणून टर्बोतून निघालेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करायची. हे काम करणाऱ्या वस्तूला इंटरकूलर म्हणतात, हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. रझाकभाई त्याला हवेचा रेडिएटर म्हणाले आणि आमच्या दुकानाची पायरी चढले.

"भाभी, पाण्याचे पुष्कळ केले, आता एक हवेचा करा. पाणी गळतं ते दिसतं तरी. हवा गळली तर तात्यांना कोण बोलणार?"

"मी बोलेन," असं म्हणून मी टेप घेतली.

बाहेरून पाहिलं तर काम नेहमीचंच. पाण्याऐवजी नळ्यांतून गरम हवा जाणार आणि बाहेरून वारा लागून ती निवणार. हवेचा दाब फार नव्हता, तेवढा आमचे रेडिएटर सोसत. घोटाळा झाला तो आकारात. मामंजींचा जन्म लग्नाच्या हंड्यांत गेलेला. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं, हा त्यांचा नियम. त्यांनी ट्रकच्या तोंडाइतका रुंद आणि उंच कूलर केला, त्याला लठ्ठ पाइप लावले आणि सगळा पाण्याच्या रेडिएटरपुढे बसवला. आम्ही तिघं नामदेवबरोबर चाचणीला गेलो. सरळ रस्त्यावर ट्रक असा पळाला की रझाकभाईंनी दोनदा खिडकीबाहेर मान काढून हा आपलाच ना, अशी खात्री करून घेतली.

घाटात मात्र दोन गोष्टी झाल्या. एक, पाणी उकळलं, कारण एवढ्या मोठ्या कूलरने मागच्या रेडिएटरचा वाराच अडवला होता. दुसरी जास्त वाईट. वळणावर वेग कमी होई, नामदेव गिअर बदलून ॲक्सिलरेटर दाबे, आणि ट्रक विचार करत उभा राही. मग एकदम जोर येई, तोवर पुढचं वळण. नामदेव म्हणाला, "आमच्या मामासारखं झालंय. पंगतीत हाक मारली की ते आदी पागोटं शोधत्यात."

घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवल्याबरोबर मी कूलरला हात लावून पाहिला. वरचा भाग चांगला गरम होता, खाली येत गेले तसा कोमट, आणि खालचा जवळजवळ निम्मा भाग गार. म्हणजे गरम हवा तिथपर्यंत फिरकतच नव्हती. तो निम्मा कूलर कामाशिवाय बसला होता, आणि दरवेळी तो आणि ते लठ्ठ पाइप भरेपर्यंत इंजिनाला वाट बघावी लागत होती. मी रझाकभाईंना हात लावायला सांगितलं, मग मामंजींना. मामंजींनी वरपासून खालपर्यंत हात फिरवला आणि म्हणाले, "चार माणसांचा स्वयंपाक आणि मी घंगाळं दिलं." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच खालचा भाग कापला. पाइपही बारीक आणि जमतील तेवढे आखूड केले. रेडिएटरचा वारा मोकळा झाला आणि ट्रकचं विचार करणं थांबलं. जोडीजोडीने जमवायचं काम आहे हे. इंजिनाला साजेसा टर्बो, टर्बोला साजेसा कूलर, कूलरला साजेसा पाइप. एकही पाहुणा जास्तीचा नको.

आता आमच्या खास चुकीकडे येते. अशी चूक तांबटांच्याच घरात होऊ शकते.

तांब्याचं भांडं घडून झालं की शेवटी मठारायचं असतं. म्हणजे गार भांड्यावर लहान, गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं. ठोक्याशेजारी ठोका, ओळ सुटता कामा नये. त्याने भांड्यावर खवल्यांसारखी नक्षी चमकते, पण ती नुसती शोभा नव्हे. गार तांब्याला ठोके बसले की ते कडक होतं, मग हंडा चेपत नाही आणि वाजवला तर टणत्कार देतो. मामंजींच्या हाताचं मठारकाम पाहायला पुण्याचे व्यापारी येत. मठारल्याशिवाय त्यांच्या हातून तांब्याची वस्तू बाहेर गेली नव्हती. तसा तो पाइपही त्यांनी मठारला. टर्बोपासून कूलरपर्यंत आणि कूलरपासून इंजिनापर्यंत, दोन्ही तुकडे. बॉनेट उघडलं की आत देवघर असावं तसं झळकायचं. नामदेव इतका खूश झाला की त्याने लिंबू-मिरची पुढच्या बंपरवरून काढून पाइपला बांधली. इतर ट्रकवाले वाट वाकडी करून बघायला यायला लागले, आणि त्यांच्यात अशी समजूत पसरली की गाडीला ताकद आली ती त्या ठोक्यांमुळेच. रझाकभाईंना याचा फार राग येई.

काही दिवस दूध वेळेवर पोचलं. नामदेवचं चहाला थांबणं बंद झालं, रस्त्यावरून नुसता हॉर्न वाजवून जायचा.

मग एका शुक्रवारी तो भर दुपारी थांबला. ट्रकमधून आंबूस वास येत होता. घाटाच्या मध्यावर इंजिनाकडून शीळ ऐकू आली, जोर गेला आणि मागे काळा धूर. कसाबसा चढला, तोवर टँकर निघून गेला होता. मी बॉनेट उघडलं. पाइपला एका टोकाशी केसासारखी चीर होती, अगदी ठोक्यांच्या ओळीतून गेलेली.

नामदेव आमच्या फळीवर बसला. चहा दिला तो तसाच ठेवला. साहेबांनी सांगितलं होतं की दोन दिवस केंद्राची गाडी दूध आणेल, सोमवारी टँकरच्या आत त्याने दूध आणलं तर फेरी त्याची, नाही आलं तर त्याच दिवशी दुसऱ्याला. मग म्हणाला, "भावाची टोळी सोमवारीच निघतीया, श्रीगोंद्याच्या कारखान्यावर. मुकादमाला म्हनला, नाम्याची जागा धर. मी काल राती बायकूला इचारलं, फेरी गेली तर काय करायचं. तिनं नुसता कोयता घासून दाराशी ठिवला, वहिनी."

मामंजी चिरेवरून बोट फिरवत होते. म्हणाले, दुसरा करतो, जाड पत्र्याचा, आणि याहून घट्ट मठारतो.

मी त्यांच्यापुढे सहसा उलट बोलत नसे. त्या दिवशी बोलले. "मामंजी, चीर ठोक्यांतूनच गेलीय. मठारल्याने तांबं कडक होतं, हे तुमच्याकडूनच ऐकलंय. हंडा एका जागी बसून असतो, त्याला कडकपणा हवा. हा पाइप इंजिनाबरोबर दिवसभर थरथरतो. याला मऊ राहू द्या."

"म्हणजे ठोके न देता, तसाच?"

"तसाच. शेवटी तापवून मऊ करा आणि सोडून द्या."

"ताटात न वाढता पातेल्यातनं जेवायला घालण्यासारखं आहे हे," ते म्हणाले. "माझ्या हातचं तांबं असं उघडं दाराबाहेर गेलेलं नाही, कुसुम."

"दिसणार कोणाला? बॉनेटच्या आत आहे."

"मला दिसेल ना."

यावर उत्तर दिलं नामदेवने, तेही मुद्दाम नव्हे. तो आपला स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "तात्या, घाटात शीळ वाजली तवा मला वाटलं रेल्वेच आली. मला न्यायला." आणि हसला. मामंजी हसले नाहीत. उठून पत्रा काढायला आत गेले.

शनिवारी पत्र्याचा पाइप वळवून झाला, रविवारी दिवसभर पुढचं काम चाललं. पाइप तापवून मऊ केला. दोन्ही टोकं पूर्वी आम्ही झाळून पक्की जोडली होती. ती आता सुटी ठेवून, मध्ये जाड रबरी होजचे आखूड तुकडे घालून पट्ट्यांनी आवळायची, म्हणजे इंजिनाचा हादरा पाइपपर्यंत पोचणार नाही, ही रझाकभाईंची सूचना. होज त्यांच्याकडे होताच. मामंजींचा हात मात्र सारखा मठारायच्या हातोडीकडे जात होता. शेवटी मीच म्हटलं की कूलरच्या दोन बाजूंच्या डब्या सपाट आहेत, दाबाने फुगतील, त्या कडकच हव्यात, त्या मठारा. त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी समजूत काढतेय असं त्यांना वाटलं असावं. पण ते खरंच होतं. मग दुपारभर ठोक्यांचा आवाज येत राहिला, एकसारखा, मध्ये कुठेही न अडखळता. हे काम मला शिकवायला ते तयार होते. मला नेहमी वाटायचं, आधी हातातली गिऱ्हाइकं उरकू, मग शिकू. गिऱ्हाइकं काही उरकली नाहीत. आता इंटरकूलर कारखान्यातून ॲल्युमिनियमचे तयार येतात, झकास असतात, आणि मामंजींची हातोडी माझ्याकडे आहे, पण त्या हातोडीने ओळ कशी धरायची हे सांगणारं घरात कोणी नाही.

संध्याकाळी पाइप बसवून नामदेव निघाला तेव्हा मामंजी कोट घालून ट्रकपाशी उभे. म्हणाले, मी येतो, उद्या घाट चढताना मला तो पाइप बघायचाय. त्यांना एकटं पाठवणं शक्य नव्हतं. मी यजमानांना निरोप ठेवला, पाना, तार, होजचा जादा तुकडा आणि पट्ट्या पिशवीत भरल्या आणि चढले. नामदेवच्या घरी पिठलं-भाकरी झाली. त्याची बायको यमुना मला पाणी देताना एवढंच म्हणाली, "ताई, तुमी आलात ते बरं झालं. आमचं हे गाडीला सारखं इचारत्यात, बरी हायस का. मला कवा इचारलं न्हाई." कोयता दाराशीच होता, पातं चकाकत होतं. भांडीकुंडी एका पोत्यात बांधून तयार होती. निघायचं की नाही, ते उद्या सकाळी ठरणार होतं.

पहाटे गावागावांतून कॅन भरत आलो. एका ठिकाणी दूध घालणाऱ्या म्हाताऱ्याचं रेडकू सुटलं, त्याच्यामागे त्याने निम्मं गाव पळवलं, आणि आम्हाला उशीर झाला. करंजी सोडून घाटाला लागलो तेव्हा मामंजी मधल्या जागेवर पुढे वाकून बसले होते, जणू बॉनेटमधून आत दिसतंय. मी खिडकीशी. शीळ येते का, ते तिघंही ऐकत होतो.

दोन वळणं झाली आणि पुढे एक ट्रक दिसला. खच्चून भरलेला. गोधड्या, पातेली, कोंबड्यांच्या पाट्या, वर माणसं आणि माणसांच्या वर पोरं. तो चालतोय की थांबलाय, हे नीट बघितल्यावर कळावं असा चढत होता. नामदेवने हॉर्न दिला नाही. मी त्याच्याकडे पाहिलं तर त्याचा चेहरा उतरला होता. म्हणाला, "आमचीच टोळी हाय."

त्याच्या मागे राहिलो असतो तर टँकर गेलाच होता. घाटात पुढे एकाच ठिकाणी रस्ता थोडा रुंद होता, एका वळणाच्या लगेच पुढे. तिथे वळणातून बाहेर पडतानाच जोर मिळाला तर बाजूने जाता येईल. क्षणभर जरी ट्रक विचार करत राहिला, तर पुढचं वळण आड येईल आणि समोरून काय येतंय ते दिसणार नाही. नामदेवने वळण घेतलं, समोरचा रस्ता मोकळा पाहिला, हॉर्न दिला, गिअर बदलला आणि पाय दाबला. मामंजींनी माझं मनगट धरलं. ट्रकने लगेच उचल घेतली. टर्बोचा बारीक सूर चढत गेला, शीळ नव्हे, सूरच, आणि आम्ही त्या ट्रकच्या बाजूला आलो. वरची माणसं ओळखून ओरडायला लागली. गोधड्यांच्या ढिगावर बसलेला नामदेवचा भाऊ दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडला, "नाम्या, कुटं पळतो? तुजी जागा धरलीय रं, ये मागं!"

सगळा ट्रक हसला. नामदेवने उत्तर दिलं नाही. त्याचे डोळे रस्त्यावर होते. आम्ही पुढे निघालो. माथ्यावर पोचल्यावर मामंजींनी मनगट सोडलं, आणि मला म्हणाले, "रझाकला सांग, होजच्या पट्ट्या पितळेच्या करून देईन."

केंद्राच्या फाटकात शिरलो तेव्हा टँकरचं इंजिन सुरू होतं, पण नळी अजून काढलेली नव्हती. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पहिल्या कॅनचं झाकण काढून वास घेतला, चमच्याने चव पाहिली आणि उतरवून घ्यायला सांगितलं. मग टेबलाशी गेले आणि दुसऱ्या दिवसाच्या फळ्यावर पाथर्डीच्या फेरीपुढे नामदेवचंच नाव खडूने लिहिलं. मामंजी इकडे बॉनेट उघडून पाइपवर तळहात ठेवून उभे होते. गरम होता, तरी काढत नव्हते.

रिकामे कॅन ट्रकवर चढवत होतो, तेव्हा रस्त्याने तो टोळीचा ट्रक आला. श्रीगोंद्याला जायचं तर नगरमधूनच जावं लागतं. फाटकापुढे गर्दीने तो मंदावला. नामदेव हातातला कॅन तसाच ठेवून रस्त्यावर धावला. घाटात द्यायचं राहिलेलं उत्तर त्याने इतका वेळ तोंडात धरून ठेवलं असणार.

"दादा," तो ओरडला, "माज्या जागंवर पाय पसरून बस!"

भावाने वरून त्याच्याकडे बघितलं, मग मागे दिसणाऱ्या रिकाम्या कॅनांकडे. शेजारचं गाठोडं त्याने ढोपराने सरकवलं, दोन्ही पाय ऐसपैस लांब केले आणि ट्रक वळेपर्यंत तसाच हात हलवत राहिला.